प्रभूसोबतचा वेळ वागण्यात दिसत नाही? या चुका टाळा

रोजचं बायबल वाचन चालू आहे, प्रार्थना होते, रविवारची उपासना चुकत नाही. पण घरातल्या माणसांना विचारलं तर त्यांना काही फरक जाणवलेला नसतो. राग तोच, टोमणे तेच, पैशाची काळजीही तेवढीच. अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: वेळ वाढवा, अर्ध्या तासाचा एक तास करा, पहाटे अजून लवकर उठा. माझं मत वेगळं आहे. वेळ कमी पडतो म्हणून असं होतं, हे क्वचितच खरं असतं. ‘आमेन’ म्हटल्यानंतरच्या पहिल्या तासात काय घडतं ते बघा. बिघाड बहुधा तिथेच सापडतो.

परिणाम स्वतःमध्ये शोधत बसणं

मन भरून आलं का, डोळ्यांत पाणी आलं का, यावरून प्रार्थना ‘लागली’ की नाही हे ठरवायची सवय अनेकांना असते. निर्गम ३४ मध्ये मोशे ४० दिवस आणि ४० रात्री सीनाय पर्वतावर देवाजवळ राहून खाली उतरला, तेव्हा त्याचा चेहरा तेजस्वी झाला होता. ते अहरोनाला दिसलं, लोकांना दिसलं, ते जवळ यायला घाबरले. मोशेला मात्र पत्ताच नव्हता. प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्येही पेत्र आणि योहान येशूच्या सहवासात होते हे त्यांची चौकशी करणाऱ्या विरोधकांनी ओळखलं.

तेव्हा स्वतःची नाडी चाचपत बसू नका. खरंच जाणून घ्यायचं असेल तर तुम्हाला खूश ठेवायच्या भानगडीत न पडणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा, ‘गेल्या काही महिन्यांत माझ्याशी बोलणं सोपं झालंय की अवघड?’ उत्तर आल्यावर खुलासे देऊ नका. (हे गप्प बसून ऐकणं उपासापेक्षा जड जातं.)

अडथळा आला की चिडणं

सगळ्यात जास्त नुकसान मला वाटतं इथे होतं, कारण ही चूक भक्तीच्या वेशात येते. दार लावून बसलात आणि मुलाने दार वाजवलं, फोन आला, म्हाताऱ्या आईने हाक मारली. आतून आवाज येतो, ‘प्रार्थना चालू आहे, कळत नाही का?’ देवाजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडून घराने त्या दिवशी ऐकलेलं पहिलं वाक्य हे! मूल त्यातून एवढंच शिकतं की बायबल उघडं असलं की बाबांपासून लांब राहायचं.

मार्क ६ मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशू त्यांना एकांतात विसावा घ्यायला घेऊन निघाला. होडी किनाऱ्याला लागते तो लोकसमुदाय आधीच हजर. येशू वैतागला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून त्याला कळवळा आला. तो त्यांना शिकवत राहिला आणि दिवस कलल्यावर पाच हजार पुरुषांची भूक भागवली. गोष्ट इथेच थांबवली तर ‘सेवा हीच प्रार्थना’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण पुढचं ४६वं वचन वाचा: लोकांना निरोप देऊन तो प्रार्थना करायला डोंगरावर गेला. एकांत त्याने सोडला नाही, पुढे ढकलला.

म्हणजे उठायचं, पाणी द्यायचं, फोन घ्यायचा, आणि परत येऊन बसायचं. रोज त्याच वेळी व्यत्यय येत असेल तर वेळच चुकीची आहे. घराला तुमची सर्वात जास्त गरज असते तीच अर्धी घटका प्रार्थनेसाठी अडवून ठेवणं हा घरावर अन्याय आहे.

याची उलट बाजूही मार्कनेच सांगितली आहे. पहिल्या अध्यायात येशू पहाटे एकांतात प्रार्थना करत असताना त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो: सगळे तुमचा शोध करत आहेत. येशू त्या गर्दीकडे परत जात नाही. आजूबाजूच्या गावांत जाऊ या, म्हणतो. प्रार्थनेतून उठलेल्या माणसाने प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणावं अशी अपेक्षा मंडळीत फार असते. न चिडता, अपराधी न वाटता ‘नाही’ म्हणता येणं, हाही त्या वेळेचाच परिणाम आहे.

दुसऱ्यांसाठी वाचणं

संदेश देणारे, संडे स्कूल घेणारे आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन पाठवणारे यांची ही खास खोड. वाचता वाचता मनात यादी तयार होते: हे वचन जावेला लागू पडतं, हे कमिटीतल्या अमक्याला. स्वतःला काहीच लागत नाही. योना संदेष्ट्याने माशाच्या पोटात केलेली प्रार्थना वाचा, ती स्तोत्रांच्या भाषेने ओतप्रोत भरलेली आहे. दोनच अध्याय पुढे हाच माणूस निनवे या शत्रूच्या शहरावर देवाने दया केली म्हणून रुसून बसतो. निनवेत १,२०,००० हून अधिक माणसं होती, याची आठवण देवाला त्याला करून द्यावी लागली.

उपाय साधा आहे. सकाळी मनाला भिडलेली ओळ त्या दिवशी कुणालाही पाठवायची नाही.

भेटण्याऐवजी प्रार्थना करणं

‘मी त्याच्यासाठी प्रार्थना करतोय’ हे वाक्य कित्येकदा त्याला फोन न करण्याचं निमित्त असतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूचा क्रम स्पष्ट आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. पत्नीशी मान ठेवून वागा, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही, असं पेत्र पतींना बजावतो (१ पेत्र ३:७). तुटलेलं नातं तसंच ठेवून प्रार्थनेचा तास वाढवत राहिलात तर फक्त तास वाढतो.

पैशाचंही तेच. यशयाच्या ५८व्या अध्यायात लोक उपास करतात आणि त्याच दिवशी मजुरांना पिळतात. देव तो उपास स्वीकारत नाही. याउलट लूक १९ मध्ये येशू जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी उतरला, आणि परिणाम थेट हिशेबात दिसला. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत. कुणाचे पैसे अडवून ठेवले असतील तर ते देऊन टाका, मग मननाच्या पद्धतीची चर्चा करू.

कामाची जागा वगळणं

राजाच्या दरबारातला अधिकारी दानीएल दिवसातून तीन वेळा प्रार्थनेसाठी गुडघे टेकायचा, हे सर्वांना माहीत असतं. त्याच ६व्या अध्यायात त्याआधी लिहिलेलं मात्र नजरेतून सुटतं: वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली आणि त्यांना काहीच सापडलं नाही, हयगयसुद्धा नाही. कार्यालयात उशिरा पोहोचून ‘सकाळी प्रार्थनासभा होती’ म्हणणाऱ्यांनी हे वचन पाठ करावं.

थकव्याला पाप समजणं

कधी कधी चूक भक्तीत नसतेच. झोप अपुरी, अंगात त्राण नाही, म्हणून माणूस वसकन अंगावर येतो आणि मग ‘माझं देवाशी नातं तुटलं’ म्हणून रडतो. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या विजयानंतर एलीया संदेष्टा रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. देवाने ‘तू इथे काय करतोस?’ असं विचारलं ते त्यानंतर. निराशा आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर डॉक्टरकडे जा. त्यात अविश्वास काही नाही.

सकाळचं दुपारी आठवत नसेल तर

वाचन कमी करा. तीन अध्यायांऐवजी दहा ओळी, पण दोनदा. मग त्या दिवसात ठाऊक असलेला एकच अवघड प्रसंग, एखादी बैठक, एखादा माणूस, नाव घेऊन प्रभूपुढे ठेवा आणि तिथे पहिलं वाक्य काय बोलायचं ते प्रार्थनेतच ठरवा. ‘मला प्रेमळ कर’ ही प्रार्थना चांगली असली तरी तिची अंमलबजावणी दुपारी कुणालाच सुचत नाही. रात्री दोन मिनिटं त्याच प्रसंगाकडे वळून बघा: ते वाक्य बोललो का? नसेल, तर क्षमा कुणाची मागायची ते उघडच असतं, आणि ती फक्त देवाची नसते.

मधे एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. राहिलेला भाग सोडून द्या आणि आजचा वाचा.