खेळातून डेटा सायन्स शिकवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून कॉलेजात डेटा सायन्सच्या वर्गात येऊन बसतात. तिथे काहूट या ऑनलाइन क्विझच्या अ‍ॅपवर क्विझ लागली की वर्गात जीव येतो, हे खरंच. पण क्विझच्या गुणांच्या बोर्डावर पहिला आला म्हणजे त्याला विषय कळला, असं धरून चालू नका.

सगळ्यात नुकसान वेगाच्या गुणांनी होतं. काहूटवर नेहमीच्या प्रश्नाला १००० पर्यंत गुण मिळतात. तेच बरोबर उत्तर वेळ संपता संपता दिलं तर जेमतेम ५००. इंग्रजी प्रश्न दोनदा वाचून समजून घेणारी मुलगी इथे हमखास मागे पडते.

समजा, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा पाच दिवसांचा पाऊस दिलाय: ०, २, ३, ५ आणि १९० मिलिमीटर. सरासरी (मीन) येते ४०, मीडियन (चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा) ३. चाळीसच्या आसपासही पाऊस एकाही दिवशी पडलेला नाही! मग लोकांना सांगायचा कुठला आकडा? मोरी बांधणाऱ्याला तर १९० च लागेल. हा विचार २० सेकंदांत होत नाही. अशा प्रश्नाला ९० सेकंद द्या, गुण बंद ठेवा, प्रश्न मराठीत लिहा (मीन, मीडियन हे शब्द तसेच राहू द्या) आणि उत्तर आल्यावर दोघा-तिघांना कारण विचारा. खरं शिकणं तिथेच होतं.

दुसरी चूक कॅगल या डेटा सायन्स स्पर्धांच्या साइटवरच्या लीडरबोर्डची, म्हणजे स्कोअरप्रमाणे लावलेल्या क्रमवारीची. तिथल्या टायटॅनिक स्पर्धेत ८९१ प्रवाशांच्या डेटावरून आणखी ४१८ जणांपैकी कोण वाचलं याचं भाकीत करायचं असतं. लीडरबोर्डवर अगदी वर १०० टक्के अचूक स्कोअर दिसतात, कारण त्या बोटीवरचं कोण वाचलं हे जगजाहीर आहे. यादी उतरवली की झालं. बोर्ड बघून पुन्हा पुन्हा सबमिट करणाऱ्याचं मॉडेलही (डेटावरून भाकीत करणारं गणित) त्या ४१८ ओळींपुरतंच घोटून तयार होतं. त्यापेक्षा ८९१ पैकी १७७ जणांचं वय नोंदलेलंच नाही, ते कसं भरलं आणि का, हे वहीत लिहून घ्या. मार्क त्याला द्या.

अ‍ॅपवरची स्ट्रीक (रोज न चुकता केलेल्या सरावाची साखळी) आणि बॅज इंटर्नलच्या मार्कांत धरू नका. जांबोटीकडे पावसाळ्यात लाइट गेली, रेंज गेली की स्ट्रीक तुटते. त्यात मुलाचा काय दोष? तिकडच्या मुलांना लाइव्ह क्विझऐवजी आठवडाभराची मुदत देऊन तीच क्विझ असाइन करा.