कांद्याची हिशोबपट्टी जावास्क्रिप्टमध्ये, आणि त्या प्लसने घातलेला घोळ

जावास्क्रिप्ट नवीन शिकताय तर एक्स-वाय घेऊन बेरजा करत बसू नका राव, दोन दिवसांत कंटाळा येतो. आमच्याकडे लासलगावच्या हिशोबपट्ट्या घरभर पडलेल्या असतात, मी त्यातलीच एक घेतली. क्रोममध्ये एफ12 दाबा, कन्सोल टॅब उघडा, कोड तिथेच टाइप करायचा, बस, इन्स्टॉल काहीच करायचं नाही. व्हेरिएबल म्हणजे पट्टीवरचा रकाना समजा, वर नाव खाली आकडा:

लेट वजन = 22;
लेट दर = 1650;
लेट एकूण = वजन * दर;

लेट म्हणजे नवा रकाना आखणं, ते तेवढं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. नावं मराठीत ठेवली तरी चालतात, खरंच, पण आकडा २२ असा टाकला की एरर. एकूण येतं 36300. आता दर = 1700 करून बघा, एकूण तसंच राहतं, कारण हे एक्सेल नाही, गुणाकाराची ओळ (यावेळी लेट न लावता) परत चालवावी लागते.

खरी गंमत पुढे. मी हुशारी करून सगळे आकडे प्रॉम्प्टने (स्क्रीनवर प्रश्न दाखवून उत्तर टाइप करून घेणारी छोटी खिडकी) विचारून घेतले आणि पिंपळगावच्या मामांना दाखवायला गेलो, वजन 22, दर 1650, भाडं 1500, हमाली 400. एकूण बरोबर आलं म्हणून मी खूश, आणि हातात येणारी रक्कम, म्हणजे एकूण - (भाडं + हमाली), काय दाखवली तर उणे 1464100! मामा म्हणे, "कांदा देऊन वर मीच साडेचौदा लाख द्यायचे का रे?"

झालं असं की प्रॉम्प्ट जे देतो ते आकडा नसतो, स्ट्रिंग असते, म्हणजे नुसती अक्षरं. गुणाकार, भागाकार, वजाबाकी करताना जावास्क्रिप्ट गुपचूप त्याचा आकडा करून घेतं, प्लस मात्र स्ट्रिंग दिसली की सरळ चिकटवतो. त्यामुळे भाडं + हमाली 1900 न होता 1500400 झालं आणि तेच 36300 मधून वजा झालं. म्हणून विचारतानाच नंबरमध्ये गुंडाळून घ्या, तो अक्षरांचा आकडा करतो:

लेट भाडं = नंबर(प्रॉम्प्ट("भाडं किती?"));

नंबर आणि प्रॉम्प्टही इंग्रजीतच, नंबरचा एन कॅपिटल. आता हातात 34400. फक्त कोणी 1,650 असा स्वल्पविराम टाकला तर एनएएन येतं, म्हणजे हा आकडाच नाही, ते मामांना सांगून ठेवलंय.