मोकळी जागा दिसते, पण लिनक्स तिथे बसत नाही

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या ऑफिसांतून निघालेला जुना लॅपटॉप घेतला, विंडोजमधून ५० जीबी जागा मोकळी केली, आणि लिनक्सचा इन्स्टॉलर मात्र ती जागा 'वापरता येत नाही' म्हणतो? डिस्क बिघडलेली नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत (डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यात भागांची नोंद ठेवायची पद्धत) प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, जास्तीत जास्त ४ होतात. सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि कंपनीचं रिकव्हरी मिळून चार झाले, की पाचव्याला तक्त्यात जागाच उरत नाही.

अशा वेळी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट 'डायनॅमिक डिस्क (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करू का?' असं विचारतं. नाही म्हणा. एकदा हो म्हटलं की इन्स्टॉलरला ती डिस्क धड हाताळता येत नाही, आणि मागे फिरणंही जिकिरीचं.

त्याऐवजी डी मधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फायली उघडून पाहा. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच चालू होतं) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडून डी काढा. ती जागा मोकळ्या ५० जीबीला लागून असेल तर दोन्ही मिळून एकच एक्स्टेंडेड पार्टिशन करा, म्हणजे आत आणखी भाग मावणारं पार्टिशन. त्यातले भाग म्हणजे लॉजिकल पार्टिशन, ती हवी तितकी पाडा: रूटला (जिथे लिनक्स बसतं) ३० जीबी एक्स्ट४ (लिनक्सची फाइल-पद्धत), स्वॅपला (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) ४ जीबी, उरलेली एनटीएफएस (विंडोजची फाइल-पद्धत) करून पुन्हा डी. लिनक्स लॉजिकलवरून बिनतक्रार चालू होतं.

लॉजिकलचे क्रमांक ५ पासून सुरू होतात, त्यामुळे गोंधळू नका. ग्रब (लॅपटॉप सुरू होताना लिनक्स की विंडोज हे विचारणारा प्रोग्राम) मात्र 'एसडीए' या अख्ख्या डिस्कवर टाका, 'एसडीए५' या तिच्यातल्या एका पार्टिशनवर नव्हे.

चार्जर लावलेला असू द्या. पावसाळ्यात विजेचा काही भरवसा नाही.