विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगलेच्या ऊसपट्ट्यातलं विहिरीचं पाणी तपासायला आलं की निकाल एका आकड्यावर लागतो. मीटरवर ४२ दिसले की ‘चालतंय’, ४८ दिसले की ‘पिऊ नका’, कारण आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पण मीटरला जोडलेला, पाण्यात बुडवायचा नायट्रेट इलेक्ट्रोड मिलिग्रॅम मोजतच नाही, मोजतो मिलिव्होल्ट. १ मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की उत्तर ४ टक्क्यांनी हलतं. ४५ च्या आसपास २ मिलिव्होल्टची चूक म्हणजे साडेतीन मिलिग्रॅम. म्हणून मीटर आधी मिलिव्होल्टवर ठेवा.

१० आणि १०० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डमध्ये (म्हणजे नायट्रेट किती ते आधीच माहीत असलेल्या द्रावणांमध्ये) ५४ ते ६० मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा (२५ अंशांना हिशेबाने ५९.२); यालाच स्लोप म्हणतात. नायट्रेट ऋणभारित, त्यामुळे तीव्र द्रावणाला आकडा खाली जातो; तो चढत असेल तर बीकरची अदलाबदल झाली आहे. फरक कमी पडला की लगेच इलेक्ट्रोडला दोष देऊ नका, आधी स्टँडर्ड नवं करा: ओव्हनमध्ये वाळवलेलं पोटॅशियम नायट्रेट १.६३१ ग्रॅम, एकूण १ लिटर, म्हणजे १००० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण. मग इलेक्ट्रोडच्या टोकाचा पातळ पडदा, म्हणजे मेंब्रेन, १०० च्या स्टँडर्डमध्ये तासभर भिजत ठेवा. तरीही आकडा नाचत असेल तर इलेक्ट्रोड उजेडात धरून टोकाला हवेचा बुडबुडा चिकटलाय का बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. इलेक्ट्रोड थोडा तिरका बुडवला की बुडबुडा अडकत नाही.

आयनिक स्ट्रेंथ (पाण्यातल्या एकूण विद्युतभारित कणांचं प्रमाण) सारखी करणारं द्रावण फक्त स्टँडर्डमध्ये घालून सॅम्पल तसंच मोजणं ही नेहमीची घाई. दर १०० मिलिलिटरला २ मोलर अमोनियम सल्फेट २ मिलिलिटर, दोन्हीकडे सारखं. ते लॅब ग्रेडचंच घ्या, खताच्या पोत्यातलं नको.

रेफरन्स इलेक्ट्रोडच्या (ज्याच्या तुलनेत मिलिव्होल्ट मोजले जातात तो जोडीचा इलेक्ट्रोड) बाहेरच्या कप्प्यात पीएच इलेक्ट्रोडशेजारची पोटॅशियम क्लोराइडची बाटली ओतली जाते. ते क्लोराइड झिरपून सॅम्पलमध्येच उतरतं. तिथे अमोनियम सल्फेटचं द्रावण हवं, त्याची पातळी सॅम्पलच्या वर हवी आणि मोजताना भरायच्या छिद्राचं बूच काढलेलं हवं.

फ्रिजमधून काढलेलं स्टँडर्ड आणि उन्हातून आलेली बाटली एकाच वेळी मोजू नका. द्रावण ढवळणारा स्टररही तळाने तापतो. बीकरखाली थर्माकोलचा तुकडा सरकवा. सॅम्पल मात्र मोजेपर्यंत ४ अंशांवर ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी उरका, नाहीतर जिवाणू नायट्रेट खातात.

आता खरी गोम, क्लोराइड. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातल्या खारट पाण्यात नायट्रेट असतं त्याहून जास्त दिसतं. इलेक्ट्रोडच्या माहितीपत्रकात क्लोराइडचा निवडकता गुणांक (इलेक्ट्रोड क्लोराइडला किती प्रमाणात नायट्रेट समजतो तो आकडा) ०.००५ दिला असेल, तर ७१० मिलिग्रॅम क्लोराइड सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेटची बतावणी करतं. मग ४२ चे ४८ होतात आणि चांगली विहीर बाद होते. ही चूक स्लोप तपासून सापडत नाही, कारण स्टँडर्डमध्ये क्लोराइड नसतंच. आधी टायट्रेशनने क्लोराइड काढा, मग १ मिलिग्रॅम क्लोराइडला ४.४ मिलिग्रॅम सिल्व्हर सल्फेट या हिशेबाने ते खाली बसवा, गाळा आणि मग मोजा. सिल्व्हर सल्फेट महाग आहे, पाण्यात सावकाश विरघळतं. म्हणून ४५ च्या जवळ अडकलेल्या खारट सॅम्पललाच वापरा.

रिपोर्ट लिहिताना एकक बघा. काही स्टँडर्डच्या बाटलीवर ‘नायट्रेट’ नसून ‘नायट्रेट नायट्रोजन’ छापलेलं असतं. अशा स्टँडर्डवर लावलेल्या मीटरने १२ दाखवले तर ते १२ नव्हेत, ४.४३ ने गुणा, ५३ येतात.