एक्सपीवर चालणारा सीएनसीचा पीसी ऑफिसच्या नेटवर्कमधून वेगळा कसा काढावा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्राम देणारा पीसी अजून विंडोज एक्सपीवर आहे. मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो बदलता येत नाही, हे मान्य. पण तोच पीसी टॅलीच्या कॉम्प्युटरसोबत एका स्विचला लावणं अजिबात मान्य नाही. 'अँटिव्हायरस आहे ना' हे उत्तर तर देऊच नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करायच्या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून. कुणी मेल उघडायची गरज नव्हती. एसएमबीचा ४४५ पोर्ट उघडा मिळाला की बाहेरून थेट मशीनवर कोड चालत होता. नेटवर्कमधल्या एका पीसीला लागण झाली की शेजारच्यांना आपोआप होत गेली.

आधी एक्सपीच्या हार्डडिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत काढा. मग एक्सपीचे दोन पॅच चढवा: एसएमबीसाठी केबी४०१२५९८ आणि रिमोट डेस्कटॉपमधल्या २०१९ च्या ब्लूकीप त्रुटीसाठी केबी४५००३३१. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेर उघडला असेल तर आजच बंद करा.

आता खरी अडचण. एक्सपीला एसएमबी १ शिवाय दुसरं काही कळत नाही आणि नव्या विंडोजमध्ये ते मुळात बंद असतं. शेअर फोल्डर दिसेना, की नेटवर्कवाला ऑफिसच्या प्रत्येक पीसीवर एसएमबी १ चालू करून मोकळा होतो. हे करू देऊ नका. एका मशीनसाठी सगळं ऑफिस उघडं पडतं.

त्याऐवजी मध्ये एकच पीसी ठेवा, अपडेट मिळत असलेल्या विंडोजचा, दोन लॅन कार्डांचा. एक कार्ड ऑफिसकडे, दुसरं थेट एक्सपीकडे. या दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.५०.१ द्या, एक्सपीला १९२.१६८.५०.२. एक्सपीवर गेटवे आणि डीएनएस (बाहेरच्या नेटवर्कची वाट दाखवणाऱ्या सेटिंग) रिकामे सोडा. मग मधल्या पीसीच्या विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० समोरचं अधिकचं चिन्ह उघडा. मुख्य चौकोनावर टिक करून पुढे जाऊ नका, मी बराच काळ इथेच अडकलो होतो. आत तीन पर्याय आहेत: फक्त 'क्लायंट'ला टिक हवी, म्हणजे मधला पीसी एक्सपीचा फोल्डर उघडू शकतो. 'सर्व्हर' नको, नाहीतर मधला पीसीच उघडा पडेल. 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'ही नको; १५ दिवस वापर झाला नाही तर ते क्लायंट काढून टाकतं आणि ऑपरेटर जॉब लावून प्रोग्रामची वाट बघत बसतो. दोन्ही कार्डं निवडून 'ब्रिज कनेक्शन्स' तर कधीच करू नका, दोन्ही नेटवर्क पुन्हा एक होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

एक्सपीवर पासवर्ड असलेला युजर करा आणि फक्त प्रोग्रामचा फोल्डर शेअर करा, अख्खा सी ड्राइव्ह नाही.

शेवटी ऑफिसच्या दुसऱ्या पीसीवरून १९२.१६८.५०.२ ला पिंग करा, म्हणजे तो पत्ता उत्तर देतो का ते बघा. उत्तर यायला नको. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका: ऑफिसचे आयपी वेगळ्या रेंजचे असतील तर केबल जुन्या स्विचमध्ये असली तरी उत्तर येत नाही. म्हणून एक्सपीची केबल हाताने धरून दुसऱ्या टोकापर्यंत बघत जा. कधी कधी ती अजून जुन्याच स्विचमध्ये असते.