आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातली वसुली कशी थांबली

वडील सरकारी कार्यालयात शिपाई. ते गेल्यावर आईला आधी वाढीव दराने आणि ठरावीक मुदतीनंतर कमी दराने पेन्शन मिळायला हवी होती. मुदत संपली तरी दर बदललाच नाही. सहा वर्षांनी पत्र आलं: जादा गेलेले १,८६,००० रुपये दरमहा ४,००० रुपयांनी कापून घेणार. सोबत संमतिपत्राचा कोरा नमुना. आई सही करायला निघाली होती, "सरकारचे पैसे आहेत रे, द्यायलाच हवेत." मी पेन काढून घेतलं.

आधी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात हिशोबाचा तक्ता मागवला. त्यात स्पष्ट दिसलं की चूक दर लावणाऱ्यांची होती. आईने काहीच लपवलेलं नव्हतं. मग अर्ज लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा निकाल (पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह) जोडला. गट क आणि गट ड (लिपिक, शिपाई अशा खालच्या श्रेणीचे) कर्मचारी, निवृत्त झालेले, पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली जादा रक्कम, अशा प्रकरणांत वसुली करू नये, असं त्यात म्हटलंय. निकाल कर्मचाऱ्यांबद्दल आहे. मग विधवेकडून वसुली त्याहून कठोर नाही का, हे मी ठळक लिहिलं. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

एक मात्र तपासा: पेन्शन सुरू होताना "जादा रक्कम परत करीन" असं हमीपत्र दिलंय का? सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशाच हमीमुळे वसुली कायम राहिली होती. आईच्या फायलीत ते नव्हतं.

तीन महिन्यांनी वसुली रद्द झाली. पेन्शन मात्र योग्य, कमी दरावर आली. ते आम्ही मान्य केलं.