ब्लॅकफर्ड टेकडी: आधी माथा, मग ओढा

एडिनबरात आलेला माणूस आर्थर्स सीट चढतो आणि टेकड्या झाल्या म्हणतो. पण बर्फाने हे शहर कसं घडवलं ते बघायचं, तर दक्षिणेच्या उपनगरातली ब्लॅकफर्ड टेकडी गाठा. उंची जेमतेम 164 मीटर. रमतगमत अडीच तास धरा.

ब्लॅकफर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून ऑब्झर्वेटरी रोडला वळलात की तांबड्या दगडाची कमान लागते. ती सर जॉर्ज हॅरिसन यांच्या स्मरणार्थ. ते लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडचे महापौर, असताना 1884 मध्ये ही टेकडी शहराने विकत घेतली. त्याच वर्षी पायथ्याशी उपनगरी रेल्वे सुरू झाली. प्रवासी गाड्या 1962 मध्ये थांबल्या, मालगाड्या अजून जातात. पुढे चढावर हिरवट तांब्याच्या दोन मनोऱ्यांची वेधशाळा आहे. कॅल्टन हिलवर शहराचा धूर आड येऊ लागला, म्हणून 1896 मध्ये ती इकडे आली.

माथ्यावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. किल्ल्याचा कातळ दिसला की त्याच्या उजवीकडे हळूहळू उतरत गेलेली धार शोधा. जुन्या शहराचा मुख्य रस्ता, रॉयल माइल, तिच्यावरच वसला आहे. हिमयुगात पश्चिमेकडून सरकणारा बर्फ ज्वालामुखीच्या कठीण खडकावर अडला, बाजूंनी खरवडत गेला आणि खडकाच्या आडोशाला असलेला मऊ दगड तेवढा वाचला. हे इथूनच नीट कळतं. किल्ल्यावर उभं राहून नुसती छपरं दिसतात.

आता दक्षिणेकडून ब्रेड बर्नच्या ओढ्याकडे उतरा. पावसानंतर हीच वाट दगा देते: पातळ माती, खाली गुळगुळीत दगड. गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत, आणि तोल गेला म्हणून बाजूच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाला हात घालू नका. ते गॉर्स, त्याचे काटे हातमोज्यातूनही टोचतात.

ओढ्याशी आल्यावर डावीकडे, पाण्याच्या वाहत्या दिशेने चला. डाव्या हाताला, झाडांआड, पोटात आत गेलेला कडा येतो: अगासी रॉक. 1840 मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी हा कडा पाहून ‘हे बर्फाचं काम’ असा निर्वाळा दिला होता. घाईत असाल तर हमखास हुकतो. कड्याचा खालचा भाग घासून गुळगुळीत झालेला आहे. हातोडी लावू नका, हा भाग संरक्षित आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. या कड्याचा लाव्हा सुमारे चाळीस कोटींचा.

आल्या वाटेने मागे फिरून ओढ्याकाठाने हर्मिटेजच्या जुन्या वाड्यावरून ब्रेड रोडला बाहेर पडा. उजवीकडे, मॉर्निंगसाइडच्या दिशेने जाताना नजर डांबरावर ठेवा. रस्त्यात बसवलेल्या दोन दगडांत चौकोनी खाचा आहेत. 1815 मध्ये वाटमाऱ्या करणाऱ्या दोघांना इथे फाशी दिलं, त्या वधस्तंभाच्या या खोबणी. गाड्या सतत जातात, फोटो फुटपाथवरूनच काढा. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी एकच्या पुढे निघूच नका.